स्वयंसेवकांचा तांत्रिक गट: शिस्त किती, वाद किती? (निमित्त: नकाशातला एक नाला)

मार्कंडेयकाठ

मंडळी, बेळगाव, खानापूर, निपाणी भागातले आम्ही काही जण ओपनस्ट्रीटमॅपवर (कुणालाही भरता-दुरुस्त करता येणारा इंटरनेटवरचा खुला नकाशा) आपल्या भागाचा नकाशा भरतो. पगार नाही, पद नाही, कुणी कुणाला नेमलेलं नाही. २०१९ च्या ऑगस्टातल्या पुरानंतर गट वाढला. शहापूर-वडगाव-येळ्ळूर पट्ट्यातले नाले, शेतवाटा, मोऱ्या नकाशात धड नाहीतच, हे तेव्हा अनेकांच्या लक्षात आलं.

सध्याचं भांडण असं. बळ्ळारी नाल्याचा प्रवाह दुरुस्त करायचा होता. नाव कुठल्या रूपात टाकायचं इथून वाद सुरू झाला, तो शहराच्या नावावर गेला, तिथून सीमाप्रश्नावर आणि तिथून एकमेकांच्या आजोबांवर. नाला राहिला चुकीच्या जागीच. मग ॲडमिननी 'फक्त तांत्रिक बोला' असा नियम लावून चर्चा बंद केली. काही जण आधीच गोंगाटाला कंटाळून गेले होते. नियम आल्यावर बाकीचे काही मुस्कटदाबी म्हणून गेले. हातात फोन घेऊन उन्हात फिरणारे लोक दोन्हींकडचे होते, हे खरं दुखणं.

मला इथे सीमाप्रश्नावर धागा नको आहे (कृपया!). विचारायचं आहे ते हे की फुकट राबणाऱ्या माणसांच्या गटात शिस्त आणि मोकळा वाद यांची सांगड इतरांनी कशी घातली?

माझं मत आधीच सांगून टाकतो. वाद कसा संपवायचा हे वाद पेटण्याआधी ठरलेलं असेल, तर लोकांना हवं तितकं भांडू द्यावं. ते ठरलेलं नसेल तर साधं नावही गट फोडतं.

कॅम्पातला

धाग्याचं काश्मीर व्हायला किती वेळ लागतो ते बघतो.

माझं सरळ मत आहे. शेवटचा शब्द एकाचाच असावा. ऐकणारा, समजूतदार, पण एक. सगळ्यांनी सगळं ठरवायचं म्हटलं की काहीच ठरत नाही. पायथन या संगणकाच्या भाषेकडे बघा, एका माणसाच्या शब्दावर ती जगभर पोचली.

निपाणीवाला

काका, पायथनचं उदाहरण तुम्ही अर्धंच सांगितलंत. ती भाषा घडवणाऱ्या खिदो फान रॉसम यांना 'आजन्म हितकारी हुकूमशहा' असं गमतीने म्हणत, आणि २०१८ च्या जुलैत त्यांनीच ते पद सोडलं. निमित्त होतं ५७२ क्रमांकाचा प्रस्ताव. विसर्गासारखी दोन टिंबं आणि बरोबरचं चिन्ह एकत्र लिहून हिशेब चालू असतानाच त्याला नाव देण्याची सोय. एवढ्याशा चिन्हावर इतकी कडवट चर्चा झाली की प्रस्ताव मंजूर करून ते बाजूला झाले. उत्तराधिकारी नेमला नाही, तुमचं तुम्ही ठरवा म्हणाले. लोकांनी मग कारभाराचे वेगवेगळे आराखडे मांडले, त्यावर मतदान केलं आणि २०१९ च्या सुरुवातीला पाच जणांचं सुकाणू मंडळ निवडलं.

एकाच माणसावर सगळं सोपवलं की तो थकेल त्या दिवशी गट उघडा पडतो. हुकूमशहा वाईट असायची गरजच नाही.

डेबियनचं सांगतो, कारण मी ती लिनक्स (स्वयंसेवकांनी घडवलेली मोफत संगणकप्रणाली) गेली बरीच वर्षं वापरतोय. प्रकल्प १९९३ चा, पण १९९८ मध्ये त्यांनी चक्क घटना लिहून घेतली. त्यात प्रकल्पप्रमुख दरवर्षी मतदानाने निवडला जातो. तांत्रिक वाद सुटत नसेल तर एक तांत्रिक समिती आहे. आणि समितीचाही निर्णय सगळ्या सभासदांना सर्वसाधारण ठरावाने फिरवता येतो.

याची खरी परीक्षा २०१४ मध्ये झाली. संगणक सुरू होताना सगळ्या सेवा कोण उठवणार, सिस्टमडी की दुसरं काही, यावर महिनोन्महिने रान पेटलं होतं. समितीत आठ जण, मतं पडली चार-चार. अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टमडी आलं. लोक चिडले, नोव्हेंबरात सर्वसाधारण ठराव झाला, आणि त्यात जिंकलेला पर्याय कोणता? 'या विषयावर ठरावाची गरज नाही.' मला अजून हसू येतं. पण फुकट नाही मिळालं हे. समितीतल्या काहींनी पदं सोडली, आणि एका घोळक्याने देवुआन नावाची वेगळी चूल मांडली.

तरी डेबियन टिकलं. हरलेले ज्या वाटेने हरले ती वाट त्यांच्या रागाच्या आधी सोळा वर्षं लिहून ठेवलेली होती. आणि ती वाट नंतर बुजवली गेली नाही. २०१९ च्या शेवटी हाच विषय पुन्हा मताला आला.

येळ्ळूर_बासमती

निपाणीवाले, छान लिहिलंत, पण ती सगळी शीतपेटीतली उदाहरणं आहेत. सिस्टमडीवरून कुणाच्या घरावर दगड पडला नाही.

मी मुस्कटदाबी म्हणून बाहेर पडलेल्यांपैकी एक, म्हणून स्पष्ट बोलालोय. 'फक्त तांत्रिक बोला' हा नियम दिसतो निरुपद्रवी. पण तांत्रिक काय आणि भावनिक काय हे ठरवणार कोण? ॲडमिन. 'बेळगाव' लिहा म्हटलं की ते राजकारण, आणि दुसरं नाव आपोआप आलं की ती माहिती. १ नोव्हेंबर २०१४ ला नाव बदललं तो निर्णय काय संगणकाने घेतला होता? १९५६ साली त्याच तारखेला इथली मराठी माणसं विचारल्याशिवाय म्हैसूर राज्यात गेली. तेव्हा नकाशा काढणाऱ्यांनीही 'आम्ही फक्त रेघ मारतोय' असंच म्हटलं असेल.

नियम आधी लिहा म्हणता. नियम लिहिताना टेबलाशी कोण बसलं होतं, ते पण लिहा मग.

तिसरे_गेट

सीमाप्रश्न नको असं वर लिहिलं होतं, आणि तिसऱ्याच प्रतिसादात आला. असो, बासमतींचा मुद्दा टाळण्यासारखा नाही.

पण या भांडणातला निम्मा भाग आपण नकाशाची रचना न बघता केलाय. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये एका जागेला एकच नाव द्यावं लागत नाही. 'नेम:एमआर' हा मराठीचा खण, 'नेम:केएन' कन्नडचा, 'नेम:ईएन' इंग्रजीचा. उर्दूला वेगळा. शिवाय जुन्या नावाचा खण, पर्यायी नावाचा खण. मराठी खणात 'बेळगाव' लिहायला कुणी अडवलेलं नाही, आणि ते लिहिल्याने कन्नड खणाचं काही बिघडत नाही. खरा वाद उरतो तो एकाच खणाचा, नुसत्या 'नेम'चा, जो नकाशावर आपोआप दिसतो.

त्या खणासाठी प्रकल्पाचा जुना दंडक आहे: प्रत्यक्ष जागेवर जे आहे ते लिहा. राज्यांच्या हद्दीलाही तेच लागू. कारभार कुणाचा चालतो त्याप्रमाणे रेघ, दावा कुणाचा आहे त्याप्रमाणे नाही. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, निकाल लागेल तेव्हा रेघ बदलायला दहा मिनिटं पुरतील.

एकमेकांची दुरुस्ती सारखी खोडत बसणाऱ्यांसाठी वर एक डेटा वर्किंग ग्रुप आहे, तोही स्वयंसेवकांचाच. त्यांचं एक हत्यार मला फार आवडतं: शून्य तासांची बंदी. म्हणजे शिक्षा काहीच नाही, फक्त लॉगिन करून त्यांचा निरोप वाचल्याशिवाय पुढची दुरुस्ती करता येत नाही. 'बाबा, आधी वाच' एवढंच. इंग्रजी विकिपीडियावर चोवीस तासांत एका पानावर तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचं लेखन उलटवलं तर बंदी येऊ शकते, मग तुमचं म्हणणं बरोबर का असेना. म्हणजे काय म्हणालात याला हात न लावता कसं वागलात एवढंच धरलंय. शिस्त अशी हवी.

येळ्ळूर_बासमती

तिसरे_गेट, खणांचं पटलं. 'प्रत्यक्ष जागेवर'चं नाही पटलं.

जागेवरची पाटी आपोआप उगवत नाही हो. आमच्या गावच्या वेशीवरचा 'महाराष्ट्र राज्य येळ्ळूर' फलक २०१४ च्या जुलैत पोलीस बंदोबस्तात काढला. काढायच्या आदल्या दिवशी कुणी सर्वेक्षण केलं असतं तर जागेवर एक होतं, दुसऱ्या दिवशी दुसरं. आता दुकानांच्या पाट्यांवर साठ टक्के कन्नड पाहिजे असा कायदा आहे. ज्याच्या हातात पाटी त्याचं सत्य, असाच त्या दंडकाचा अर्थ होतो इथे.

तिसरे_गेट

होय, तसाच होतो, आणि मी ते नाकारत नाही. दंडक न्याय करत नाही, तो फक्त तपासता येतो. तुम्ही आणि मी एकाच चौकात उभे राहिलो तर पाटीवर काय आहे यावर आपलं भांडण होणार नाही. काय असायला हवं यावर होईल, आणि ते भांडण नकाशात मिटणार नाही. नगरपालिकेत, कोर्टात, निवडणुकीत मिटेल तर मिटेल.

फलक होता आणि काढला, हेही नोंदवण्यासारखंच आहे. दुरुस्तीचा इतिहास कायम राहतो. प्रत्येक बदलसंचाखाली (एका वेळी जतन केलेल्या दुरुस्त्या) चर्चा करता येते, ती कुणीही नंतर वाचू शकतं.

अनगोळची_ताई

सगळे नियमांवर बोलालेत. मी जिभेवर बोलते.

मी कॉलेजच्या मुलामुलींना सर्वेक्षण शिकवते. मुली काम अतिशय नेटकं करतात. पण गटात एकही प्रश्न विचारत नाहीत, मला वेगळा मेसेज येतो, 'ताई, हे ग्रुपवर विचारलं तर चालेल का?' कारण त्यांनी पाहिलेलं असतं की रस्त्याचा प्रकार चुकीचा टाकला म्हणून एका नवख्याला 'डोकं गहाण ठेवलंय का' असं विचारलं होतं. विचारणारा माणूस मनाने चांगला आहे, कामातला आहे, त्याला यात काही वाटत नाही. त्याच्या दृष्टीने चर्चा अगदी मोकळी होती. कातडी जाड असणाऱ्यांनाच मोकळी!

लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सचा गाभा लिहिणाऱ्यांत, हेच झालं. तिथे उद्धट बोलणं म्हणजे गुणवत्तेची खूण असं वर्षानुवर्षं चाललं. २०१५ मध्ये एक मसुदा केला, त्याचं नावच 'संघर्षसंहिता'. त्यात थोडक्यात असं की तुमच्या कामावर टीका होणारच, फारच लागलं तर तक्रार करा. २०१८ च्या सप्टेंबरात ते बदलून रीतसर आचारसंहिता घेतली, आणि त्याच सुमारास लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी आपल्या वागण्याबद्दल माफी मागून काही आठवडे सुटी घेतली. तेवढ्या काळात दुसऱ्याने काम सांभाळलं. कर्नल काही बंद पडला नाही, आणि वाईट कोडला वाईट म्हणणंही थांबलं नाही.

'हा रस्ता चुकीचा टाकलाय, उपग्रहचित्रात इथे शेत दिसतं' हे हवं तितकं कडक बोला. 'तुला कळत नाही' यात कुठला तांत्रिक मुद्दा आहे?

कॅम्पातला

ताई, मुद्दा मान्य. पण आचारसंहितेचंही हत्यार होतं हो. न आवडणारं मत बोलणाऱ्याचा 'सूर' चुकीचा ठरवायचा आणि बाहेर काढायचं. सूर मोजायला फूटपट्टी कुठून आणणार?

अनगोळची_ताई

नाहीच मिळणार काका. म्हणून एकट्याच्या हाती ठेवू नये. ज्याचा त्या वादात हात आहे त्याने त्या वादापुरतं ॲडमिनपण बाजूला ठेवावं. आमच्याकडे चर्चा बंद करणारे तेच आणि त्यात सगळ्यात जास्त मेसेज टाकणारेही तेच होते. नियम चांगला असता तरी तो लागला कुणाच्या हातून, हे लोक बघतातच.

चिकोडीकडचा

मी या गटात आहे पण सहसा लिहीत नाही. घरी कन्नड, शाळा कन्नड, मराठी बाजारात आणि मित्रांत शिकलो. चुकलं तर सांभाळून घ्या.

तुम्ही सगळे मोकळा वाद मोकळा वाद म्हणालाय. मला मराठीत भांडता येतं, पण सावकाश. मी एक वाक्य जुळवून लिहीपर्यंत तुमचे वीस मेसेज होतात आणि विषय दुसरीकडे गेलेला असतो. मग मी गप्प बसतो, आणि नंतर कुणीतरी म्हणतं, 'कन्नडवाल्यांनी हरकत घेतली नाही, म्हणजे मान्य.' नव्हे की! आम्ही अजून टाइप करालो होतो.

उलटं पण होतं बरं का. आमच्या कन्नड मित्रांच्या गटात मराठी पोरं अशीच गप्प असतात.

मला ॲडमिन कोण याचं एवढं काही नाही. वेळ पाहिजे. प्रस्ताव लिहून टाका, दोन-चार दिवस राहू द्या, ज्याला ज्या भाषेत जमेल त्यात हरकत लिहू द्या. व्हॉइस मेसेज नको, ते उलथून बघता येत नाहीत. रात्री अकराला सुरू झालेल्या चर्चेत बाराला ठरलेलं काही धरू नका. कामाला जाणारी माणसं झोपलेली असतात.

निपाणीवाला

चिकोडीकडचा, या धाग्यातला सर्वात कामाचा प्रतिसाद. डेबियनला हे फार उशिरा सुचलं. २०२२ च्या सुरुवातीला मंजूर झालेल्या बदलात त्यांनी चर्चेचा काळ बांधून घेतला: साधारण दोन आठवडे, लांबवली तरी तीनच्या पुढे नाही. आधी चर्चा लांबवणं किंवा अचानक मतदान पुकारणं हाच एक डाव होऊन बसला होता. मुदत कळली की सावकाश लिहिणाऱ्यालाही जागा राहते आणि दमवून जिंकणाऱ्याचाही पत्ता कापला जातो.

त्यांच्या मतपत्रिकेवर पूर्वी 'पुढे चर्चा' हाही एक पर्याय असे. त्याला हरवू न शकलेला प्रस्ताव बाद. आता त्याला 'वरीलपैकी काही नाही' म्हणतात.

हल्याळचा_रस्ता

उशिरा येतोय. नेटवर्क नव्हतं, जंगलात हे चालायचंच.

मतदानाबद्दल सावध करतो. डेबियनचा सभासद व्हायला आधी काम दाखवावं लागतं, ओळख पटवावी लागते. आपल्या गटात लिंक मिळाली की माणूस आत. मतदान ठेवलंत तर दोन्ही बाजू रात्रीत अख्खी गल्ली आत आणतील. ज्याने आयुष्यात एक मोरी नकाशात टाकली नाही त्याचं मत, आणि ताईंच्या विद्यार्थिनीचं मत, सारखंच?

इंटरनेटचे नियम ज्या आयईटीएफमध्ये ठरतात तिथे यावर वेगळी रीत आहे. १९९२ मध्ये डेव्हिड क्लार्क यांनी मांडलेलं सूत्र: राजे नकोत, अध्यक्ष नकोत, मतदान नको, ढोबळ सहमती आणि चालणारा कोड हवा. बैठकीत हात वर करायच्या ऐवजी गुणगुणायला सांगतात, कौल कुठे झुकतोय याचा अंदाज येतो, पण डोकी मोजली जात नाहीत. ही 'ढोबळ सहमती' म्हणजे काय, यावर २०१४ चा एक टिपणवजा दस्तऐवज आहे, क्रमांक ७२८२. त्यात म्हटलंय की हरकतीचं समाधान झालंच पाहिजे असं नाही, पण तिचा विचार होऊन तिला उत्तर मिळालं पाहिजे. आणि पुढे चक्क असं की शंभर जण विरोधात आणि पाच बाजूने असतील, तरी सहमती झाली असं असू शकतं. शंभर जण एकच मुद्दा घोकत असतील आणि त्या मुद्द्याला आधीच धड उत्तर दिलेलं असेल तर.

बासमती, तुमची हरकत मोजून हरवली जाऊ नये असं वाटत असेल तर तुम्हाला मतदानापेक्षा ही रीत बरी.

येळ्ळूर_बासमती

आणि उत्तर धड दिलं की नाही हे कोण ठरवणार? फिरून तिथेच आलो की आपण.

हल्याळचा_रस्ता

आलो खरं. तिथे गटाचे अध्यक्ष ठरवतात, आणि त्यांच्या निर्णयावर वर अपील करता येतं, पायरी पायरीने. कुणीच ठरवणार नाही अशी जागा मला अजून सापडलेली नाही. जिथे कुणी ठरवत नाही असं म्हणतात तिथे सगळ्यात जास्त वेळ रिकामा असलेला माणूस ठरवतो.

मार्कंडेयकाठ

मंडळी, मनापासून आभार. काश्मीर झालं नाही, कॅम्पातले काका निराश झाले असतील.

गटात काय ठेवायचा विचार आहे तो लिहितो, ठोका.

'फक्त तांत्रिक बोला' हा नियम काढायचा. बासमती म्हणतात ते खरं आहे, त्या शब्दाच्या आड कुणालाही गप्प करता येतं. त्याऐवजी काम आणि वाद यांची जागा वेगळी. नाल्याचा प्रवाह, रुंदी, मोऱ्या यांना नावाची वाट बघायची गरज नाही, नावाचा खण रिकामा ठेवूनही रेघ मारता येते. आपण मारली नाही. नावाचा प्रस्ताव लेखी येईल, चार दिवस उघडा राहील, मराठी-कन्नड-इंग्रजी कशातही हरकत चालेल. शेवटी निर्णय तिघांनी लिहायचा. त्या वादात ज्यांनी बाजू घेतली ते त्या तिघांत नसतील, आणि तिघांत दोन्ही घरच्या भाषांचं कुणीतरी असेलच. पायथनवाले फेटाळलेले प्रस्तावही कारणासकट जपून ठेवतात, तसं आपणही एका वहीत ठेवू. म्हणजे दर १ नोव्हेंबरला तेच पहिल्यापासून नको. नवीन काही हाती आलं, पाटी बदलली, कायदा बदलला, निकाल लागला, तर प्रश्न पुन्हा उघडायचा हक्क कुणालाही. तेच जुनं घेऊन आलं तर वहीचं पान दाखवायचं.

अंगावर येणाऱ्या भाषेचं ताई आणि आणखी एक जण बघतील. पहिल्यांदा खाजगीत सांगणं, मग गटात. तिसऱ्यांदा काही दिवस लिहिणं बंद, पण नकाशा भरणं बंद नाही. कुणाचा हात थांबवायचा नाही.

कॅम्पातला

तीन जण ठरवणार म्हणजे माझ्या एकाचे तीन केलेत. ठीक आहे, चालेल. पण मुदत कडक पाळा. 'दोन दिवस वाढवा' एकदा म्हटलंत की संपलं. आमच्या गल्लीच्या गणपतीची वर्गणीची तारीख वाढत वाढत विसर्जनाच्या मिरवणुकीपर्यंत जाते.

अनगोळची_ताई

तिसऱ्यांदाचं मला थोडं सौम्य वाटतं, पण सुरुवात करू. 'आणखी एक जण' बाई असावी अशी अट घालते. मुली माझ्याकडे येतात तशा तिच्याकडेही यायला हव्यात, मी एकटी पुरणार नाही.

चिकोडीकडचा

वही कन्नडमध्ये पण ठेवा. भाषांतर मी करतो. रोज नाही, रविवारी.

येळ्ळूर_बासमती

'नेम'च्या खणाबद्दल माझी हरकत कायम आहे. पाटी ज्याच्या हातात त्याचं नाव, हा दंडक आमच्या भागात अन्याय करतो असं माझं मत, ते माझ्या शब्दांत पहिल्या पानावर घ्या. कापाकापी नको, सौम्य करून नको. घेणार असाल तर गटात परत येतो.

नाल्याचं म्हणाल तर येळ्ळूर रस्त्याच्या पुढचा भाग मी दाखवतो. उपग्रहचित्रात तो ऊस आणि झाडीत दिसतच नाही, म्हणून तुमची रेघ चुकते. पाऊस लागायच्या आत जायला पाहिजे, नंतर बांधावर पाय ठरत नाही.

तिसरे_गेट

शब्दशः घेतो, तुम्ही लिहून पाठवा. रविवारी सकाळी सातला वडगावातून निघू. फोन पूर्ण चार्ज करून आणा, आणि ज्यांच्याकडे पॉवर बँक आहे त्यांनी ती घ्या, मागच्या वेळी अर्ध्या वाटेत सगळ्यांचे जीपीएस बंद पडले होते. चिकोडीकडचा, तुम्ही येताय का?

चिकोडीकडचा

येतो की. पहिली बस किती वाजता बेळगावात पोचते तेवढं बघून सांगतो.